कवड्यांचं दान आणि काचेवरचा फासा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेरूळ पाहायला गेलेली मंडळी सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यात इतकी रमतात, की पुढच्या एकविसाव्या लेण्याला बऱ्याचदा पाठच दाखवतात. हे रामेश्वर लेणं साधारण सहाव्या शतकातलं. त्याच्या एका भिंतीवर शंकर-पार्वती खेळत बसलेले आहेत. आपण सहज म्हणतो, सारीपाट खेळताहेत. काटेकोर बोलायचं तर ती अक्षक्रीडा आहे, फाशांचा खेळ. असंच शिल्प एकोणतिसाव्या, धुमार लेण्यातही आहे. शिल्पकाराने दोघांना नुसतं शांत बसवलेलं नाही. हातांच्या हालचाली पाहा, चेहऱ्यांचे कल पाहा. डावावरून काहीतरी बोलाचाली चाललेली आहे, हे पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आपल्याकडे देवसुद्धा पटावर बसले की भांडतात. खंडोबाच्या जागरणात सांगितली जाणारी कथा अनेकांनी ऐकली असेल. म्हाळसेबरोबर सारीपाटाचा डाव मांडला, मल्हारी हरले, आणि पैजेपायी घर सोडून बाणाईच्या धनगरवाड्यावर मेंढरं राखायला गेले. आता देव जाणूनबुजून हरले का, यावर वाघ्या-मुरळी काय रंग भरतात तो भाग वेगळा. मला आज बोलायचं आहे ते या बोलाचालीबद्दल. कारण हे सगळे खेळ आता हातातल्या फोनवर आले आहेत, आणि फोन भांडत नाही.

२०२० सालचे ते टाळेबंदीचे दिवस आठवून पाहा. दूरदर्शनवर मार्चअखेरीपासून बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' पुन्हा सुरू झालं होतं. पडद्यावर द्यूतसभा रंगत होती आणि तिच्यासमोर बसलेलं घरोघरचं माणूस मान खाली घालून मोबाइलवर लुडो खेळत होतं. नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ मध्ये आणलेलं 'लुडो किंग' हे अ‍ॅप त्या काळात घराघरांत पोचलं. पुण्यातली बहीण, नाशिकचा भाऊ, अमेरिकेतली भाची असे चौघे चार रंग घेऊन एका डावात बसू लागले. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. उलट, माणसांची तोंडं दिसेनाशी झाली होती तेव्हा या खेळाने त्यांना एका पटाभोवती बसवलं, हे मोठंच काम झालं.

पण त्या वेळी सगळीकडे एक वाक्य ऐकू येत होतं: 'आपला जुना सारीपाट परत आला!' ते मात्र खरं नाही. जो परत आला तो सारीपाट नव्हे. तो सारीपाटाचा विलायतेहून आलेला नातू आहे आणि त्याला आजोबांच्या बऱ्याच गोष्टी ठाऊकच नाहीत.

हा प्रवास थोडक्यात सांगतो. पचीसी हा खेळ एकोणिसाव्या शतकात साहेबाबरोबर बाहेर गेला. अमेरिकेत तो 'पार्चीसी' या नावाने विकला जाऊ लागला आणि १८७४ मध्ये त्या नावाची व्यापारी नोंदणीही झाली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड कोलियर यांनी 'रॉयल लुडो' या नावाने पेटंट घेतलं. लुडो हा लॅटिन शब्द, अर्थ 'मी खेळतो'. कवड्या गेल्या, लांबट फासे गेले, त्यांच्या जागी सहा बाजूंचा एक चौकोनी फासा पेल्यात घालून हलवायचा. मुलांसाठी सोपा, पुठ्ठ्यावर छापायला स्वस्त. पुढे तोच पुठ्ठा आपल्या बाजारात आला. एका बाजूला लुडो, उलट्या बाजूला सापशिडी. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांनी तोच खेळलेला असतो. अ‍ॅप करणाऱ्यांनीही तोच पुठ्ठा पाहिलेला होता. त्यांना दोष कसा द्यायचा?

आता दोन्ही पट शेजारी ठेवून पाहू. सारीपाटाच्या प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरं. चार भुजांची मिळून शहाण्णव. सोंगटी मध्यातून निघते, आपल्या भुजेच्या मधल्या पट्टीतून खाली उतरते, चारी भुजांना वळसा घालते आणि त्याच पट्टीतून वर येऊन पिकते. लुडोची भुजा सहा घरांची. तिथे मधली पट्टी फक्त घरी परतायला. बाहेर पडायचं ते कोपऱ्यातल्या खुराड्यातून, आणि तेही सहा पडले तरच. आपल्या सोंगट्या घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात, लुडोतल्या काट्याच्या दिशेने. एवढ्यावरच थांबलं असतं तर मी हा विषय काढलाच नसता.

खरा फरक माणसांच्या बसण्यात आहे. सारीपाटात चौघं खेळतात, पण बाजू दोनच. समोरासमोर बसलेले दोघं भिडू. आपल्या चारही सोंगट्या पिकल्या म्हणून आपण जिंकलो असं होत नाही. भिडूच्याही पिकल्या पाहिजेत. त्यामुळे कसलेला खेळाडू कधीकधी आपली सोंगटी घरात नेतच नाही. दान पडलं तरी चाल सोडून देतो, बाहेर थांबून शत्रूची वाट अडवतो. इतकंच काय, पिकायला आलेली सोंगटी भिडूच्या मदतीसाठी पुन्हा एक फेरा मारायला पाठवण्याचीही रीत आहे. दोन सोंगट्या एका घरात आल्या की त्यांचं जुग होतं आणि एकट्यादुकट्या सोंगटीला ते मारता येत नाही. जुग कधी बांधायचं आणि कधी फोडायचं यात सगळी अक्कल. लुडोत चौघं चार दिशांना. जो तो आपापलं घर गाठायला पळतो. काही अ‍ॅपमध्ये आता भिडूंचा डाव खेळायची सोय केलेली आहे, पण ती वरून चिकटवलेली. खेळ मुळात एकेकट्याचा.

दुसरा फरक दानाचा आहे, आणि तो मला फार गमतीचा वाटतो. पचीसी खेळायला सहा किंवा सात कवड्या घेतात. सहा कवड्यांची एक रीत अशी: सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, एकच उताणी पडली तर दहा, दोनपासून सहापर्यंत जितक्या उताण्या तितकं दान. कवडी उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडते असं धरलं, तर सहा कवड्या पडण्याचे एकूण चौसष्ट प्रकार होतात. त्यांपैकी तीन पडण्याचे वीस, आणि पंचवीस पडण्याचा फक्त एक. म्हणजे ज्या दानावरून खेळाला नाव मिळालं ते चौसष्टात सरासरी एकदा पडणार! ते पडलं की अख्खं माजघर ओरडत असे, ते उगाच नाही. लुडोच्या फाशात मात्र एक काय आणि सहा काय, सगळ्यांची पाळी सारखीच. तिथे दुर्मिळ असं काही नाही.

याहून साधा खेळ घ्या. पाच बाय पाच घरांचा, खडूने फरशीवर आखायचा. कुणी त्याला चल्लसआठ म्हणतं, सीमेपलीकडे कर्नाटकात चौकाबारा, तेलुगू मुलखात अष्टाचम्मा. चार कवड्या; चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा खेळायला मिळतं. आता एखाद्या हुशार मुलाने हा खेळ संगणकावर आणायचं ठरवलं. त्याला सांगितलं, दानं पाच आहेत: एक, दोन, तीन, चार आणि आठ. त्याने संगणकाला आज्ञा दिली की या पाचांतून कोणतंही एक काढ. झालं! आता आठ हे दान पाचात एकदा पडू लागलं. खऱ्या कवड्यांत ते सोळात एकदा पडायला हवं. खेळ तसाच दिसतो, रंगही छान असतात, पण खेळून उठलेल्या म्हातारीला वाटत राहतं की काहीतरी चुकतंय. तिला गणित सांगता येणार नाही. तिचा हात मात्र बरोबर सांगतो. शिवाय खरी कवडी सारखी पडतच नाही. ती किती फुगीर, पाठ घासून सपाट केलेली आहे की नाही, जमीन शेणाची की शहाबादी, या सगळ्यांवर दान ठरतं. प्रत्येक घरच्या कवड्यांचा स्वभाव वेगळा.

आणि प्रत्येक घरचे नियमही. आमच्या घरी लागोपाठ तीनदा चार पडले की ती तिन्ही दानं जळायची. शेजारच्या घरी जळायची नाहीत. एका मावशीकडे शत्रूची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नसे; दुसऱ्या मावशीला हा नियम म्हणजे शुद्ध रानटीपणा वाटे. सुटीत दोन्हीकडची मुलं एकत्र आली की पहिला अर्धा तास खेळ व्हायचाच नाही, नुसती नियमांवर चर्चा. 'आमच्याकडे असं खेळतात' हे त्या चर्चेतलं शेवटचं अस्त्र. त्यावर तोड निघायची, ती त्या दिवसापुरती. रडीचा डाव खेळणाऱ्याला समज मिळायची. लहान भावंडाला लिंबूटिंबू करून घ्यायचं, त्याची सोंगटी मारायची नाही. हे नियम कुठेही लिहिलेले नव्हते.

संगणकाला 'आमच्याकडे असं खेळतात' हे वाक्य कळत नाही. त्याला आधी सगळं सांगावं लागतं, संशयाला जागा न ठेवता. त्यामुळे अ‍ॅप करणारा एक नियम निवडतो, आणि तो ज्या दिवशी लाखो फोनवर जातो त्या दिवसापासून बाकीचे दहा नियम 'चूक' ठरतात. माझ्या ओळखीतली एक शाळकरी मुलगी आपल्या पणजीला समजावत होती, की तुम्ही खेळता ते बरोबर नाही, फोनमध्ये असं नसतं.

नियम एका साच्यात बसण्याची ही गोष्ट संगणकानेच सुरू केली असं मात्र नाही. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं मूळ संस्कृत, त्यावरून केलेलं. पुस्तकाच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हे डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले आहेत. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच आपल्या शास्त्रीबुवांना आपलं बुद्धिबळ साहेबाच्या नियमांत बसवून द्यावं लागलं होतं. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे, किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे, आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या रांगेत असेल तेच मोहरं होई. पंजाबातले मीर सुलतान खान हे देशी पद्धतीत वाढले, मग युरोपीय नियम शिकले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आले. त्यांच्यानंतर शंभर वर्षंही झाली नाहीत. आज देशी नियमांनी डाव मांडणारा माणूस मिळणं कठीण, आणि फोनवरचं बुद्धिबळ तर एकाच पद्धतीचं. 'शह-काटशह' आपल्या वर्तमानपत्रांत रोज होतात, 'फासे उलटे पडतात', 'सोंगट्या हलवल्या जातात'. भाषेने जपलं, तेवढं हाताने जपलं नाही.

असं का झालं असावं? मला एक कारण दिसतं. आपल्या मैदानी खेळांना लिहिलेले नियम मिळाले. खो-खोची नियमावली १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने तयार केली. पुढे संघ आले, सामने आले, पंच आले, शिट्ट्या आल्या. गावागावांतला वेगवेगळा खो-खो त्यातही हरवला असेल, पण निदान एक रूप तरी कागदावर उरलं. बैठ्या खेळांसाठी अशी समिती कोण नेमणार? ते खेळ होते बायकांचे, मुलांचे, म्हाताऱ्यांचे. दुपारी जेवणं आटोपल्यावर माजघरात नाहीतर देवळाच्या ओवरीत चालायचे. त्यांना ढाल कुणी दिली नाही, की करंडक दिला नाही.

लिहून ठेवणारे अगदीच नव्हते असंही नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाने कसं खावं, कसं नटावं यांबरोबर बुद्धिबळ आणि फाशांचे खेळ यांवरही प्रकरणं आहेत. त्यानंतर बराच मोठा टप्पा ओलांडून १८७१ साली औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मा या ज्योतिषी पंडितांनी 'बृहज्ज्योतिषार्णव' या आपल्या प्रचंड ग्रंथात 'क्रीडाकौशल्य' हे प्रकरण घातलं. बुद्धिबळापासून पटावरच्या निरनिराळ्या खेळांपर्यंत कितीतरी खेळ त्यात नोंदलेले आहेत. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ते तिथे आहेत म्हणून आज अभ्यासकांच्या हाती लागतात. त्याच सुमाराला घराघरांतल्या बायकांना कुणी विचारलं असतं तर काय काय मिळालं असतं!

सापशिडीची गोष्ट याहून निराळी. तिचं मूळ रूप मोक्षपट किंवा ज्ञानपट. ज्ञानेश्वरांनी तो रचला अशी समजूत महाराष्ट्रात आहे. पण आज पाहायला मिळणारे पट मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत आणि ज्ञानेश्वरांपर्यंत पोचणारा पुरावा त्यांत नाही. जैनांचे पट चौऱ्याऐंशी घरांचे, वैष्णवांचे बहात्तर किंवा अधिक, सूफींचेही निराळे. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत असा एक पट आहे, हेन्री डंडास रॉबर्टसन या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दिलेला. कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये पश्चिम भारतातल्या याच पटांवर प्रबंध लिहिला. या पटांवर घराघरांत शब्द असतात. दया, भक्ती, लोभ, निंदा. सद्गुणावरून शिडी वर जाते, दुर्गुणाचा साप खाली आणतो, आणि शेवट वैकुंठात किंवा मोक्षात. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये हा खेळ छापला जाऊ लागला, आणि पुढे शब्द गळून नुसते आकडे उरले.

पण गंमत पाहा. सापशिडीत खेळणाऱ्याला विचार करायचाच नसतो. दान पडेल तितकं चालायचं. भिडू नाही, जुग नाही, डावपेच नाही. म्हणून संगणकावर नेताना या खेळाचं यंत्र काही बिघडत नाही. हरवतात ते फक्त शब्द, आणि शब्द तर पडद्यावर परत लिहिता येतात. घरावर बोट ठेवलं की त्या घराचा अर्थ उमटावा, जुन्या पटाची प्रत दिसावी, हे सहज करता येण्याजोगं आहे. पुठ्ठ्यावर जे जमत नव्हतं ते काचेवर जमतं. अडचण सारीपाटाची आहे. तिथे हरवलेली गोष्ट माणसांच्या वागण्यातली आहे.

मध्येच पैशांबद्दल बोलायला हवं, कारण ते टाळणं बरोबर नाही. लुडो लोकप्रिय झाला तसे पैसे लावून तो खेळवणारे धंदेही आले. लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपला मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यालाही हाच प्रश्न सोडवायचा होता. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. युधिष्ठिराचं राज्य ज्या फाशावर गेलं त्याच फाशाचा हा वाद आहे, आणि कष्टाचे पैसे घालवून बसलेल्या तरुणांच्या घरी तो काही वाङ्मयीन वाद नव्हता. पैसे नसलेला साधा डाव मात्र त्या बंदीत येत नाही. तेव्हा घरच्या लुडोला धोका नाही.

मग संगणक या खेळांचा वैरी म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठात कॅमेरॉन ब्राउन यांच्या पुढाकाराने २०१८ ते २०२३ या काळात एक मोठा प्रकल्प झाला. जगभरातल्या पारंपरिक खेळांचे नियम त्यांनी लहान लहान तुकड्यांत मोडले. पट कसा, सोंगट्या किती, चाल कोणत्या दिशेने, मारलं तर काय, जिंकलं कधी. हे तुकडे जोडले की संगणक तो खेळ खेळून दाखवतो. हजाराहून अधिक खेळ असे नोंदवले गेले आणि त्यांत भारतातलेही बरेच आहेत. यातली खरी सोय अशी, की एक तुकडा बदलला की त्याच खेळाचं दुसरं रूप तयार होतं. 'तीनदा चार पडले की दान जळतं' हा एक तुकडा. 'जळत नाही' हा दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात. एकीकडची मावशी बरोबर आणि दुसरीकडची चूक, असं म्हणायची गरजच उरत नाही. संगणकाला पोटजाती सांभाळायला जागा भरपूर आहे. कंपनीला एकच नियम सोयीचा असतो, ती गोष्ट वेगळी.

पण यंत्राला सांगणार कोण? मास्ट्रिख्तला बसून जे मिळतं ते मुख्यतः इंग्रजी पुस्तकांतून, प्रवाशांच्या आणि साहेबांच्या टिपणांतून. कोकणातल्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या माजघरात काय चालायचं ते त्यात फारसं येणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. नुसतं 'कसं खेळायचात?' असं विचारून चालत नाही. 'खेळायचो बाई कसंतरी' एवढंच उत्तर मिळतं. त्यांच्यासमोर खडूने पट आखावा, चार कवड्या किंवा चिंचोके ठेवावेत आणि डावच मांडावा. मग हात आपोआप चालू लागतो. कवड्या किती घ्यायच्या, सगळ्या पालथ्या पडल्या तर किती, फुलीच्या घरात सोंगटी मरते का, भिडूचं दान आपण चालू शकतो का, कोणतं दान जळतं, हे डाव चालू असतानाच विचारावं आणि फोनवर बोलणं टिपून घ्यावं. गावाचं नाव आणि माहेरचं गावही लिहावं, कारण बायका खेळ माहेराहून आणतात. आणि दोन सख्ख्या बहिणींनी एकाच घरचे नियम दोन तऱ्हांनी सांगितले, तर त्यांचं भांडण न सोडवता दोन्ही लिहून घ्यावेत.